परतीचे हुकूम आणि त्यांचे वाचक

वाङ्मयीन मासिकात कादंबरीची, काव्यसंग्रहाची, फार तर एखाद्या आत्मचरित्राची समीक्षा यावी, असा संकेत आहे. परिपत्रकाची समीक्षा कोणी करीत नाही. तथापि ज्या गद्याचा आपल्या दिनक्रमावर, संसारावर आणि मुलांच्या शाळेवर प्रत्यक्ष परिणाम होतो, ते गद्य कादंबरीचे नसते, हुकमाचे असते. या मासिकाच्या वाचकांस हे सांगावयास नको. त्यांतील बहुतेक जण मराठी मुलुखाबाहेर आले ते एका ओळीच्या हुकमाने. ‘प्रशासकीय कारणास्तव’ या दोन शब्दांत काय काय सामावू शकते, त्यांत खरे प्रशासन किती आणि इतर गोष्टी किती, हे ओळखण्याची विद्या त्यांना कोणत्याही विद्यापीठाने शिकविलेली नाही. ती नोकरीने शिकविली. हुकूम वाचणे ही एक रसिकताच आहे, मात्र ती पोटातून आलेली असते.

गेल्या काही वर्षांत हुकमांच्या या वाङ्मयात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. त्याला आम्ही ‘परतीचा हुकूम’ म्हणतो. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे जगभरच्या कचेऱ्या ओस पडल्या. ज्यांचे काम कागद, आकडे, संगणक आणि दूरध्वनी यांवर चाले, असे कोट्यवधी लोक घरून काम करू लागले. साथ ओसरली, आणि परतीचे हुकूम निघू लागले. भारत सरकारने ७ फेब्रुवारी २०२२ पासून आपल्या कर्मचाऱ्यांची पूर्ण उपस्थिती पुन्हा सुरू केली. सरकारी नोकरास त्यात विशेष नवल वाटले नाही, कारण आधीची सवलत मुदती घालघालूनच वाढविण्यात आली होती. खासगी कंपन्यांची गोष्ट निराळी. तेथे अनेक ठिकाणी प्रथम ‘घरून काम उत्तम चालले आहे’ अशी ग्वाही दिली गेली. मग आठवड्यातून काही दिवस येण्याची विनंती आली. आणि शेवटी हुकूम आला. या हुकमांविषयी नोकरवर्गाच्या मनात जो अविश्वास दाटून आला आहे, त्याची संभावना सामान्यतः आळस, सुखलोलुपता किंवा नव्या पिढीचा नादानपणा अशा शब्दांनी केली जाते. आमचे मत वेगळे आहे. हा अविश्वास मुळात वाचकाचा अविश्वास आहे. हुकमात जे कारण लिहिले आहे आणि हुकमाने जे मोजले जाते, त्या दोहोंचा मेळ बसत नाही, हे त्या वाचकाला दिसते. म्हणून या हुकमांकडे गद्य म्हणूनच पाहिले पाहिजे.

या प्रकारातील सर्वांत गाजलेला मजकूर म्हणजे ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीचे मुख्याधिकारी अँडी जॅसी यांनी १६ सप्टेंबर २०२४ रोजी आपल्या कर्मचाऱ्यांस उद्देशून लिहिलेले पत्र. मे २०२३ पासून त्या कंपनीत आठवड्यातून तीन दिवस कचेरीत येण्याचा नियम होताच. या पत्राने २ जानेवारी २०२५ पासून तो पाच दिवसांचा केला. पत्र लांबलचक आहे, आणि लेखक निष्काळजी नाही. त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. एका भागात कंपनीत साचलेल्या नोकरशाहीविषयी तक्रार आहे: निर्णयाच्या बैठकीपूर्वी एक बैठक, तिच्यापूर्वी आणखी एक बैठक, मधल्या अधिकाऱ्यांची वाढलेली उतरंड. हे सांगून लेखक थांबत नाही. मार्च २०२५ च्या अखेरीपर्यंत अधिकाऱ्यांच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे प्रमाण निदान १५ टक्क्यांनी वाढवावे, असे माप तो घालून देतो, आणि निरर्थक नियम कळविण्यासाठी एक टपालपेटीही उघडतो. हा भाग वाचताना लेखकाने ते दृश्य डोळ्यांनी पाहिले आहे याची खात्री पटते. सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या कोणाही वाचकाला तेथे हसू आल्यावाचून राहणार नाही.

दुसरा भाग कचेरीत परतण्याचा. येथे त्याच लेखकाची भाषा एकदम धूसर होते. एकत्र बसल्याने कंपनीची संस्कृती शिकणे, अंगी बाणवणे आणि बळकट करणे सोपे जाते. सहकार्य व नवे शोध सुकर होतात. एकमेकांकडून शिकणे घडते. गेल्या पंधरा महिन्यांच्या अनुभवाने ही आपली श्रद्धा दृढ झाली, असे तो सांगतो. पंधरा महिन्यांत काय पाहिले, कोणते काम अधिक चांगले झाले, कोणते बिघडत होते ते सुधारले, याविषयी एक उदाहरण नाही, एक आकडा नाही. बैठकांविषयी लिहिताना ज्या लेखकाजवळ तपशील होता, त्याच्याजवळ कचेरीविषयी लिहिताना केवळ श्रद्धा उरते. समीक्षकाला एवढा पुरावा पुरेसा असतो. जेथे लेखकाने पाहिलेले असते तेथे वाक्य भरीव असते. जेथे त्याने अगोदरच ठरविलेले असते तेथे भाववाचक नामांची गर्दी होते.

त्यांतही ‘संस्कृती’ हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडे या शब्दामागे ग्रंथ, संगीत, आचार, पिढ्यांचे संस्कार असा मोठा परिवार उभा असतो. कंपन्यांच्या गद्यात त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की व्यवस्थापनास ज्या सवयी आवडतात त्या. या शब्दाची सोय अशी, की तो मोजता येत नाही, आणि म्हणून खोटाही ठरविता येत नाही. शिवाय त्याला हरकत घेणारा आपोआप त्या संस्कृतीच्या बाहेरचा ठरतो. प्रश्न विचारणे हाच जेथे उपरेपणाचा पुरावा होतो, तेथे उत्तर देण्याची जबाबदारी लेखकावर उरत नाही.

वाचकांनी मात्र उत्तर मागितले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या क्लाउड विभागाचे प्रमुख मॅट गार्मन यांनी एका सभेत, आपण ज्यांच्याशी बोललो त्यांतील दहापैकी नऊ जणांस हा बदल मान्य आहे, आणि ज्यांना तो मानवत नाही त्यांना इतर कंपन्या आहेतच, अशा आशयाचे उद्गार काढल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यावर त्या विभागातील पाचशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी त्यांना पत्र लिहून हरकत घेतली. त्या पत्रातील आक्षेपाचा रोख मार्मिक होता. आम्हांस गैरसोय होते एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. या निर्णयाला आकड्यांचा आधार नाही, हे त्यांच्या तक्रारीचे मर्म होते. जी कंपनी आकडे पाहून निर्णय घेण्याचा अभिमान बाळगते, आपल्या नोकरांना तोच धडा देते, त्या कंपनीला तिच्याच शिष्यांनी तो धडा म्हणून दाखविला. पुढे डिसेंबरात, काही शहरांत सर्वांना बसण्यापुरती जागाच तयार नसल्याने तेथील तारीख पुढे ढकलावी लागल्याचे जाहीर झाले. एकत्र बसण्याच्या महतीचे पत्र आधी निघाले आणि खुर्च्या मागाहून मोजल्या गेल्या, असा याचा अर्थ होतो.

आपल्याकडील उदाहरण पाहू. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी. मराठी घरांतील किती मुलेमुली तेथे नोकरीस आहेत हे वेगळे सांगावयास नको. एप्रिल २०२० मध्ये तिने असा संकल्प जाहीर केला होता, की २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी पंचवीस टक्क्यांहून अधिक कर्मचारी कचेरीत असण्याची गरज उरणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने पाचही दिवसांची उपस्थिती आवश्यक केली. एप्रिल २०२४ मध्ये तिमाही बदलत्या वेतनाची, ज्यास तेथे ‘व्हेरिएबल पे’ म्हणतात, सांगड हजेरीशी घालण्यात आली: ६० टक्क्यांखाली हजेरी असल्यास काही नाही, ६० ते ७५ पर्यंत निम्मे, ७५ ते ८५ पर्यंत तीन चतुर्थांश, आणि ८५ च्या वर पूर्ण. हे गद्य ॲमेझॉनच्या पत्राहून रूक्ष असले तरी एका अर्थी अधिक प्रामाणिक आहे, असे आम्हांस वाटते. त्यात संस्कृतीचा उदोउदो नाही. दर दिला आहे. वाचकाला काय द्यावयाचे आणि काय मिळावयाचे ते कळते. तथापि येथेही पूर्वीच्या संकल्पाचा आणि नंतरच्या दराचा सांधा जोडून दाखविणारे वाक्य वाचकाला हवे होते. मनुष्य मत बदलू शकतो, संस्थाही बदलू शकते. पण २०२० साली जी भविष्याची दिशा म्हणून सांगितली, ती २०२३ साली का सोडली, हे त्या दिशेवर विसंबून गावी घर बांधणाऱ्या माणसाला सांगणे हे सौजन्य नव्हे, कर्तव्य आहे.

आता मोजमापाकडे वळू. कारण अविश्वासाचे मूळ तेथेच आहे. हुकमात कारण दिले जाते सहकार्याचे, शिकण्याचे, नव्या कल्पनांचे. दारावर मात्र मोजले जाते ते ओळखपत्र यंत्राला लागले की नाही एवढेच. मनुष्य आत आला याची नोंद होते. तो कोणाशी बोलला, कोणाला काही शिकविले, याची होत नाही. मग जे मोजले जाते तेच वाढते. कचेरीत यावे, ओळखपत्र लावावे, एक पेला कॉफी घ्यावी आणि घरी जाऊन काम करावे, अशी एक रीत पाश्चात्त्य देशांत इतकी रूढ झाली, की तिला ‘कॉफी बॅजिंग’ असे नावच पडले. आमच्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. खुर्चीच्या पाठीवर कोट अडकवून साहेब ‘येथेच आहेत’ असे भासविण्याची कला आपल्या कचेऱ्यांना पूर्वापार अवगत आहे. हजेरीपटावरील लाल रेघ, मग आधारशी जोडलेले बोटांच्या ठशांचे यंत्र, मग जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने सव्वानऊनंतर येणाऱ्यांविषयी दिलेली अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेची ताकीद, अशी ही परंपरा आहे. सरकारी कचेरीत नागरिक खिडकीपुढे उभा असतो. तेथे माणूस वेळेवर जागेवर असणे हेच कामाचा भाग आहे, म्हणून त्या यंत्राला काही अर्थ तरी आहे. परंतु ज्याचा सहकारी बंगळूरला, गिऱ्हाईक लंडनला आणि वरिष्ठ न्यूयॉर्कला आहे, त्याने दोन तास रहदारीत घालवून कचेरीत यावयाचे आणि तेथे कानाला यंत्र लावून त्याच तिघांशी बोलावयाचे, यात सहकार्याचे कारण त्याला कसे पटावे?

जेथे दिलेले कारण पटत नाही, तेथे वाचक न दिलेले कारण शोधू लागतो. कोणी म्हणतो, भाड्याने घेतलेल्या टोलेजंग इमारती रिकाम्या दिसतात म्हणून. कोणी म्हणतो, लोकांनी आपण होऊन नोकरी सोडावी, म्हणजे काढून टाकण्याचा खर्च व बोभाटा टळेल म्हणून. असे तर्क सरसकट खरे मानणे अन्यायाचे होईल. परंतु ते निव्वळ कल्पनेचे खेळ आहेत असेही म्हणता येत नाही, कारण एके ठिकाणी ते उघड बोलून दाखविले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधील लेखात इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी यांनी असे लिहिले, की अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांस पाच दिवस कचेरीत बोलाविले तर पुष्कळ जण आपण होऊन सोडून जातील, आणि ते आम्हांस स्वागतार्हच आहे. दोन महिन्यांनी, २० जानेवारी २०२५ रोजी, नव्या राष्ट्राध्यक्षांनी त्या कर्मचाऱ्यांना पूर्णवेळ कचेरीत परत बोलाविणारा आदेश काढला. तो अवघ्या काही ओळींचा आहे आणि त्यात कारण मुळीच दिलेले नाही. वस्तुतः त्या सेवेतील निम्म्याहून अधिक लोकांचे काम घरून होण्याजोगे नव्हतेच. ते आधीपासून कामाच्या जागीच जात होते. कारण आधीच्या लेखात आणि हुकूम नंतरच्या कागदात, असे वाचकाने जोडून वाचले तर त्याला दोष कसा द्यावा? आणि एकदा असे जोडून वाचण्याची सवय लागली, की सरळ हेतूने लिहिलेला हुकूमही त्याच नजरेने वाचला जातो. एका लेखकाने गमावलेला विश्वास सगळ्या लेखकांच्या खात्यातून वजा होतो.

येथवर आम्ही नोकरवर्गाची बाजू मांडली. पण समीक्षा एकाच पक्षाच्या मजकुराची करून भागत नाही. घरून काम करू इच्छिणाऱ्यांच्या गद्यातही उणिवा आहेत. प्रत्येकाच्या घरी स्वतंत्र खोली, टेबल आणि शांतता आहे, असे ते गृहीत धरते. दोन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या मुंबईकर तरुणाला, किंवा घरी राहिली म्हणजे घरकामही तिचेच असे समजले जाणाऱ्या सुनेला, कचेरी हीच मोकळी हवा असते, याचा त्या गद्याला विसर पडतो. ज्याने वीस वर्षांत ओळखी जोडल्या आहेत त्याला घर पुरते. काल रुजू झालेल्या मुलाला शेजारच्या टेबलावरून जे ऐकू येते त्यातूनच काम कळते. टिपण कसे लिहावे हे आपण नियमपुस्तकातून शिकलो की एखाद्या हेडक्लार्कच्या खुर्चीमागे उभे राहून, याचे उत्तर प्रत्येक वाचकाने मनाशीच द्यावे.

या प्रश्नावर अभ्यासही झालेले आहेत, आणि ते कोणत्याच पक्षाची घोषणा पुरी करीत नाहीत. शांघायच्या एका प्रवासी कंपनीत निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. दूरध्वनीवर गिऱ्हाइकांची कामे करणाऱ्यांस घरून काम दिले तेव्हा त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. तथापि चांगल्या कामाच्या मानाने त्यांना बढती कमी मिळाली, आणि प्रयोग संपल्यावर घरी बसलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनी एकटेपणाला कंटाळून कचेरीत परतणे पसंत केले. त्याच कंपनीतील दुसरा प्रयोग जून २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. १,६१२ पदवीधर कर्मचाऱ्यांपैकी काहींना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा होती. त्यांच्या कामाच्या दर्जात किंवा बढतीत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. आम्हांस सर्वांत लक्षणीय वाटली ती निराळीच गोष्ट: प्रयोगापूर्वी या सवलतीने काम घटेल असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांचे मत प्रयोगानंतर उलट झाले. त्यांनी पाहिले आणि मत बदलले. परतीच्या हुकमांत नेमके हेच घडलेले दिसत नाही. कचेरीच्या बाजूने सांगण्याजोगे जे खरे आहे, म्हणजे नवख्याचे शिक्षण, एकटेपणावरील उतारा, बढतीतील न्याय, ते ‘संस्कृती’ या एका शब्दाखाली झाकले जाते. उत्तम वकील हाती असता त्याला कोर्टाबाहेर उभे करून अशिलाने आरडाओरडा करावा, तशातला हा प्रकार आहे.

हुकमात कारण देणे ही काही आधुनिक काळाची मिजास नव्हे. मराठी गद्याच्या इतिहासात रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाशी जोडलेले ‘आज्ञापत्र’ हा अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ग्रंथ सर्वपरिचित आहे. त्यातील आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयीची आज्ञा आहे. आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या कामाची आहेत, तरी त्यांना हात लावू देऊ नये असे तेथे सांगितले आहे, आणि लगोलग कारण दिले आहे: ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती मुलांसारखी वाढविलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच न्यावे. ज्याच्या हाती तलवार होती त्या सत्तेला कारण देण्याचे बंधन कोणी घातले नव्हते. तरीही आज्ञा लिहिणाऱ्याला ठाऊक होते, की ती पाळणारा शिपाई दूर कोकणच्या किनाऱ्यावर एकटा असेल, आणि तेथे त्याच्याजवळ धाक नसून कारणच असेल. शिवाय ती आज्ञा रयतेपेक्षा राज्याच्याच हाताला आवर घालते. आजचे परतीचे हुकूम नेमके येथे थिटे पडतात: ते वाचणाऱ्याला बांधतात, लिहिणाऱ्याला कशानेही बांधीत नाहीत.

मग चांगला परतीचा हुकूम कसा असावा? आमच्या मते तो लांब असण्याची गरज नाही. कोणत्या कामासाठी एकत्र येणे आवश्यक आहे ते त्यात नाव घेऊन सांगितलेले असावे. जे कारण दिले तेच मोजले जावे. नवख्यांना शिकविणे हे कारण असेल, तर शिकविणारा ज्येष्ठ त्या दिवशी तेथे हजर आहे की नाही हे आधी पाहावे. पूर्वी वेगळे वचन दिले असेल तर ते का मोडले हे एका वाक्यात सांगावे. आणि अमुक काळाने परिणाम पाहू, चुकले असेल तर फिरवू, असे लिहिणाऱ्याने स्वतःवर बंधन घ्यावे. असा हुकूमही पुष्कळांना आवडणार नाही. परंतु न आवडणे आणि न पटणे यांत अंतर आहे. न आवडलेला हुकूम मनुष्य कुरकुरत का होईना पाळतो. न पटलेला हुकूम तो कोट अडकवून पाळतो.

हे सारे दूरच्या कंपन्यांविषयी आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून चालणार नाही. या मासिकाचे अनेक वाचक आज जेथे हुकूम वाचतात, तेथेच उद्या हुकूम लिहितात. त्यांच्या सहीच्या एका ओळीने कोणाचे तरी बिऱ्हाड हलते, कोणाची तरी म्हातारी आई मागे राहते. ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे दोन शब्द लिहिण्यास फार सोपे आहेत, आणि कायद्याने पुरेसेही असतील. पण ते लिहिण्यापूर्वी, हाच कागद आपल्या हाती आला असता तर आपण त्यात काय शोधले असते, एवढा विचार सही करणाऱ्याने केला, तर एखादे खरे कारण त्या कागदावर उतरेल. निदान अविश्वासाचे एक निमित्त तरी कमी होईल.